किल्ली दिली म्हणून

विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागात शिरलं की डाव्या हाताचं तिसरं टेबल शिक्केबाईंचं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण बावीस वर्षांत ते कोणी तोंडाने घेतल्याचं त्यांना स्वतःलाही आठवत नव्हतं. विद्यार्थ्यांच्या एखाद्या मंडळाला सभागृह हवं असो, फलकावर कागद लावायचा असो की चार खुर्च्या इकडून तिकडे न्यायच्या असोत, शिक्केबाईंचा गोल शिक्का बसल्याशिवाय पान हलत नसे. आणि शिक्का बसण्याआधी बाई अर्ज वाचत. बाकी सगळे अर्ज नुसते बघतात, या वाचत. लाल पेन घेऊन.

"‘कृपया’ नीट लिहिता येत नाही, मग कृपा कशी करायची मी?" असं म्हणून त्यांनी परत पाठवलेले अर्ज आणि रडकुंडीला आलेली मुलं यांची गणती नव्हती. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पण तो राग कामाचा होता, पोटातला नव्हता. मुलं मागे नकला करत आणि परीक्षा संपल्यावर भेटायलाही येत.

त्या वर्षी मात्र राग बदलला. बाई अर्ज टेबलावर आपटू लागल्या. शिपायाने चहा जरा उशिरा आणला तर कप तसाच परत पाठवू लागल्या. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने एकदा "घरी सगळं ठीक ना?" असं विचारलं, तर "तुमचं टेबल बघा" असं उत्तर मिळालं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

घरी ठीक नव्हतं. आठ महिने नव्हतं.

त्यांचा नवरा औषधांच्या एका ठोक दुकानात गोदाम सांभाळायचा. एकोणीस वर्षं. कुठल्या फळीवर कुठला खोका, कुठल्या औषधाची मुदत कधी संपते, सगळं त्याला तोंडपाठ. बोलायला कमी, हसायला बरा, असा माणूस. एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला दोन माणसं पार्सल घेऊन आली. सही हवी म्हणाली. तो सही करायला वाकला तेव्हा एकाने त्याच्या कानाखाली सुरा लावला आणि आतल्या लोखंडी कपाटाची किल्ली मागितली. गुंगीच्या इंजेक्शनांचे खोके त्या कपाटात असत, आणि किल्ली त्याच्या कमरेला. त्याने ती सोडून दिली. माणसं खोके घेऊन गेली. चहाला उकळी येईपर्यंत सगळा खेळ आटोपला होता.

पोलिसांनी तीन आठवडे त्याला बोलावून बोलावून पिदवलं. किल्ली कुठे असते हे कोणाकोणाला माहीत होतं, त्या माणसांना आधी कधी पाहिलं होतं का, घरी काही अडचण आहे का. शेवटी याचा काही संबंध नाही असं त्यांनी लिहून दिलं. चोर सापडले नाहीत. पण मालकाला कोणावर तरी चिडायचं होतं आणि हाताशी एकच माणूस होता.

"कमरेची किल्ली स्वतःच्या हाताने सोडून दिलीस?" मालक सगळ्या नोकरांसमोर म्हणाला. "झटापट नाही, आरडाओरडा नाही, अंगावर एक ओरखडा नाही! असा राखणदार काय कामाचा?" आणि त्याला घरी बसवलं.

तो घरी बसला तो अक्षरशः बसला. खिडकीपाशी खुर्ची ओढून. विचारलं तेवढंच बोलायचा, "हो", "नको", "ठेवलंय". दुपारी मग उठून स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचा. कुठला डबा कधी भरला, कधी संपेल. तारखेसकट. त्या चिठ्ठ्या बघितल्या की शिक्केबाईंच्या डोक्यात तिडीक जायची. कोणावर, ते त्यांनी कधी नीट बघितलं नव्हतं.

खरं तर बघायचंच नव्हतं. कारण त्या मंगळवारी संध्याकाळी, शेजारीपाजारी आणि धाकटे दीर घरात जमलेले असताना, त्यांच्या तोंडून एक वाक्य गेलं होतं. "अहो, इतक्या पटकन दिलीत? निदान ओरडायचं तरी होतं." नवऱ्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं होतं, आणि मग खाली घातली होती. त्यानंतरच त्याचं बोलणं "हो"–"नको"वर आलं.

अशा दिवसांत एका सकाळी चष्मेवाली त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. संगणकावर भूमिका वठवण्याचे खेळ खेळणाऱ्या मंडळाची ती सचिव. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला, बारीक अंगाची, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. हातात एकोणीस पानांची चवड. वरच्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, "खेळातील वास्तवदर्शी गुन्ह्यांबाबत आचारनियम".

शिक्केबाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे काय आहे?"

"मॅडम, आमच्या खेळात गुन्हे होतात, चोरी, लूटमार, त्याचे नियम. संचालक सर म्हणाले की नियम लिहून तुमच्याकडून तपासून आणा, नाहीतर मंडळ बंद."

"चोरीचे नियम?" बाईंचा आवाज चढला. दोन टेबलांपलीकडची डोकी वर झाली. "लोक दरोडे सोसतात, आयुष्यं मातीत जातात, आणि तुम्ही त्याचा खेळ मांडून वर नियम लिहिता? चोरी सकाळी करावी की दुपारी, असं? तुमच्या आईवडिलांना माहीत आहे का तुम्ही इथे काय करता ते?"

चष्मेवालीने चष्मा वर केला. "मॅडम, खेळात एक शहर आहे. कोणी टॅक्सी चालवतं, कोणी नर्स आहे, कोणी पाव भाजतं. मी स्वतः वकील आहे. त्यात चोरही असतात, कारण शहरात असतात. पण चोर झालेल्याने कसंही वागायचं नाही. म्हणून तर..."

"घेऊन जा."

"मॅडम, शुक्रवारी बैठक आहे. एका मुलीची तक्रार आहे."

"तिकडे ठेव मग. लाल पेन फिरवते. एक चूक सापडली तरी शिक्का मिळणार नाही."

दुपारी डबा खाताना बाईंनी पानं पुढे ओढली ती चुका काढायलाच. पण चुका फारशा नव्हत्या. पोर व्यवस्थित लिहिणारी होती. चोरीला पात्राच्या गोष्टीतलं कारण हवं, उगाच कोणाला लुटायचं नाही. एकाच खेळाडूला एका दिवसात दोनदा लुटायचं नाही. अंगाला हात घालण्याचे, अब्रूचे गुन्हे खेळात अजिबात नाहीत, त्यावर चर्चाही नाही. कोणीही, कधीही "थांबा" म्हटलं की प्रसंग तिथेच थांबेल आणि का थांबवलं असं त्याला विचारलं जाणार नाही. खेळातलं वैर खेळाबाहेर न्यायचं नाही.

बाई घास चावत पुढे सरकत होत्या. अकराव्या नियमाशी त्यांचा हात थांबला.

"शस्त्र रोखलं गेलं की पात्राने भ्यायलाच हवं. जिवाची किंमत ओळखून मागितलेली वस्तू द्यावी. शस्त्रासमोर विनाकारण शौर्य दाखवणं हा नियमभंग समजला जाईल. जिवासाठी वस्तू देणाऱ्या खेळाडूची, खेळात किंवा बाहेर, कोणीही टर उडवू नये. तसं करणाऱ्यावर बंदी येईल."

त्यांनी डबा बंद केला. जेवण अर्धं राहिलं होतं. आधी कानशिलं तापली, मग हात. वीस-वीस वर्षांची पोरं. खेळणारी पोरं! त्यांना हे कळतं. सुरा लावला की किल्ली द्यायची असते, एवढं त्यांनी अकराव्या नंबरावर लिहून ठेवलंय. आणि तो मालक, पन्नाशी उलटलेला, दुकानात गादीवर बसणारा, त्याला कळलं नाही. आणि...

पुढचं त्यांनी मनात येऊ दिलं नाही. चष्मेवालीला बोलावून घेतलं.

"हा अकरावा नियम कोणी लिहिला?"

"तो जुनाच आहे, मॅडम. असल्या खेळांत सगळीकडेच असतो. नाहीतर प्रत्येक जण हिरो होतो. छातीवर पिस्तूल असलं तरी उड्या मारतो. मग गोष्ट खोटी वाटते. खरा माणूस भितोच ना?"

"हो," शिक्केबाई म्हणाल्या. "भितोच."

शुक्रवारी दुपारी दोनला संचालकांच्या खोलीत बैठक बसली. लांब टेबल, खिडकीला जुने पडदे, भिंतीवर कधीच बरोबर वेळ न दाखवणारं घड्याळ. संचालक मधे. शेजारी मंडळाचे सल्लागार प्राध्यापक, ज्यांना लवकर घरी जायचं होतं हे त्यांच्या बसण्यावरूनच दिसत होतं. एका बाजूला चष्मेवाली आणि तक्रार करणारी पहिल्या वर्षाची मुलगी, दुसऱ्या बाजूला शेवटच्या वर्षाचा कप्तान. खेळात तो टोळीचा म्होरक्या, म्हणून बाहेरही सगळे त्याला कप्तानच म्हणत. उंच, देखणा, बोलण्यात पटाईत. शिक्केबाई टेबलाच्या टोकाला वही घेऊन. त्यांचं काम इतिवृत्त लिहायचं, बोलायचं नाही.

चष्मेवालीने हकिगत सांगितली. पहिल्या वर्षाची ती मुलगी खेळात एका घड्याळांच्या दुकानात कामाला होती. दोन महिने रोज खेळून तिने ते पात्र उभं केलं होतं. गिऱ्हाइकं तिला ओळखू लागली होती. कप्तानच्या टोळीने दुकान लुटलं. पिस्तूल बघून तिने दार उघडलं, सगळं दिलं. इथपर्यंत ठीक. पण नंतर कप्तानच्या मित्राने, जो खेळात त्या दुकानाचा मालक झाला होता, तिला ‘भित्री’ म्हणून कामावरून काढलं. आणि दुसऱ्या दिवसापासून खेळाबाहेर सुरू झालं. ती उपाहारगृहात शिरली की कप्तानच्या टेबलावरचे सगळे दोन्ही हात वर करत. वर्गाच्या दारात, जिन्यात, वाचनालयात. हात वर. वसतिगृहाच्या तिच्या दारावर कोणीतरी हाताच्या पंजांची दोन चित्रं चिकटवली होती. ती आधी उपाहारगृहात जायची थांबली, मग वर्गात.

"गंमत हो सर," कप्तान म्हणाला. "कोणी तिला हातही लावलेला नाही."

"नियम अकरा," चष्मेवाली म्हणाली.

"नियम अकराच चुकीचा आहे. मंडळाचं म्हणणं काय? गुन्हे वास्तवदर्शी हवेत. बरोबर? मग मी विचारतो, खऱ्या जगात दुकानातल्या नोकराने एक शब्द न बोलता सगळं देऊन टाकलं, तर मालक काय करेल? पाठ थोपटेल? घरी बसवेल! लोक काय करतील? हसतील! आम्ही तेच केलं. हेच वास्तव आहे. आता वास्तव आवडत नसेल तर पत्ते खेळा."

प्राध्यापक गालात हसले. संचालकांनी "हं" केलं. पहिल्या वर्षाची मुलगी टेबलावरच्या एका ओरखड्याकडे बघत होती.

शिक्केबाईंचं पेन थांबलं.

"खरं बोललास," त्या म्हणाल्या.

खोलीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. टेबलाच्या टोकाकडून आवाज येतो हेच कोणाला माहीत नव्हतं.

"अगदी खरं बोललास तू. खऱ्या जगात असंच होतं. ज्यांनी लुटलं ते पळून जातात. त्यांची नावं माहीत नसतात, तोंडं माहीत नसतात. मग राग काढायला समोर कोण उरतं? ज्याला लुटलं तो. तो कुठे पळणार? त्याच्या घरचा पत्ता सगळ्यांना ठाऊक. मग मालक विचारतो का दिलंस. शेजारी विचारतात का दिलंस. ज्यांच्या गळ्याला आयुष्यात कधी भाजी चिरायची सुरी लागली नाही ते विचारतात का दिलंस!"

"बाई," संचालक म्हणाले, "तुम्ही इतिवृत्त लिहा."

"लिहितेय, सर. मी बोलले तेही लिहिते. मुद्दा क्रमांक चार." आणि खरंच त्यांनी लिहिलं, पेन कागदात रुतेल इतकं दाबून. मग पुन्हा कप्तानकडे वळल्या. "तू मला वास्तव शिकवू नकोस. तुझं ते वास्तव माझ्या घरात आठ महिने खिडकीपाशी बसून आहे. शेवग्याच्या शेंगेसारखा सरळ माणूस होता, वाळून गेला. तू पिस्तूल धरतोस ते बोटाने बटण दाबून. खेळ संपला की उठून चहा प्यायला जातोस. ही पोर उठून कुठे गेली? तिला वर्गात जाता येईना! मग लुटलं कोणी कोणाला, आणि खेळ संपला कधी, सांग मला!"

"अहो बाई, एवढं काय मनावर घेता," प्राध्यापक म्हणाले, "शेवटी खेळच आहे."

"खेळच आहे ना? मग खेळात तरी माणसासारखं वागायला काय जातं? बाहेरच्या शहरात मालक वेगळे, पोलीस वेगळे, तिथे आपलं कोणी ऐकत नाही. हे शहर तर तुमच्याच पोरांनी बनवलंय. नियमही त्यांचेच. इथेही तीच घाण कालवायची, आणि वर त्याला वास्तव म्हणायचं?"

कप्तानने काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि संचालकांकडे बघितलं. संचालक चष्मा पुसत होते. तेवढ्यात पहिल्या वर्षाची मुलगी पहिल्यांदाच बोलली. आवाज इतका बारीक की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

"मला कोणाला शिक्षा नकोय. ते हात वर करणं थांबवा फक्त."

तेव्हा मात्र कप्तानची मान खाली गेली. लाजेने की नाइलाजाने, हे देव जाणे. शिक्केबाईंनी लाजेने असं धरलं नाही.

निर्णय झाला. अकरावा नियम जसाच्या तसा राहिला. कप्तान आणि खेळात मालक झालेला त्याचा मित्र, दोघांना सहामाही संपेपर्यंत मंडळात बंदी, आणि लेखी माफी. ती माफी शिक्केबाईंच्या टेबलावरून गेली. दोनदा परत गेली. एकदा शुद्धलेखनासाठी, आणि एकदा "कुणाचे मन दुखावले असल्यास" या शब्दांसाठी. "‘असल्यास’ काय? दुखावलंय. बसून बघितलंस ना समोर?" तिसऱ्या वेळी शिक्का बसला.

बैठक संपल्यावर चष्मेवाली त्यांच्या मागे मागे आली. "मॅडम, अकराव्या नियमात अजून काही घालायचं का?"

शिक्केबाईंनी पेन काढलं. मग सांगितलं, "लिही. ज्याला लुटलं त्याला ‘का दिलंस’ असं कोणीही विचारायचं नाही. पहिला प्रश्न, ‘तुला लागलं का?’ दुसरा, ‘काय झालं?’ आणि तो सांगत असेल तर मधे बोलायचं नाही."

सांगता सांगता त्यांचा आवाज फाटला, म्हणून त्या खेकसल्या, "लिहिलंस का? मग बघत काय उभी आहेस?"

घरी जाताना बसमध्ये त्यांना बसायला जागा मिळाली तरी त्या उभ्याच राहिल्या. राग आता कोणाकोणावर होता त्याची यादी डोक्यात फिरत होती, आणि मालकाचं नाव त्यात दुसरं होतं.

संध्याकाळचे साडेसहा झाले होते. नवरा ओट्यापाशी उभा राहून डाळीच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवत होता. बाईंनी पिशवी खाली ठेवली, चपला काढायच्या राहिल्या.

"अहो, तुम्हाला त्या दिवशी लागलं होतं का?"

"कुठल्या दिवशी?"

"त्या दिवशी."

त्याने डबा हातात घेऊन चिठ्ठीची कडा अंगठ्याने दाबली. "नाही. जरासं खरचटलं होतं कानामागे. दोन दिवसांत गेलं."

"काय झालं होतं?"

"तुला माहीत आहे की."

"मला काहीच माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. आता विचारतेय. सांगा. मी मधे बोलणार नाही."

हे शेवटचं ऐकून त्याने त्यांच्याकडे जरा अविश्वासाने पाहिलं. मग डबा खाली ठेवला आणि सांगितलं. हळूहळू, थांबत थांबत, पण सगळं.

"त्याचा हात थरथरत होता गं. सुरा धरलेला. नवीनच पोरगा असणार, घाम फुटलेला त्याला. हात स्थिर असता तर कदाचित मी काही बोललो असतो, वेळ काढला असता. पण थरथरणारा हात चुकून कापतो. हे एक. आणि पडद्याच्या पलीकडे पॅकिंगवाल्या दोघी बसल्या होत्या. त्यांना काही कळलं नव्हतं. चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येत होता त्यांचा. मी ओरडलो असतो तर त्या धावत बाहेर आल्या असत्या. सरळ त्या दुसऱ्याच्या अंगावर. म्हणून मी तोंड मिटलं. किल्ली काढताना दोरी जरा अडकली, तेव्हा मी त्या पोराला म्हटलं, थांब रे, देतोय, हात आवर. एवढंच."

शिक्केबाई भिंतीला टेकल्या.

"हे तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?"

"कोणी विचारलं? पोलिसांनी किल्लीचं विचारलं. मालकाने का दिलीस विचारलं. तूही..." तो थांबला.

"मीही तेच विचारलं. बोला की. मी मूर्ख आहे."

"आठ महिन्यांनी कळलं?" तो म्हणाला. आणि त्याच्या ओठाच्या कडेला, फार दिवसांनी, काही तरी हललं.

त्या ओक्साबोक्शी रडल्या, पण रडतानाही चिडलेल्याच होत्या. स्वतःवर चिडल्या, त्या दिवशी घरात जमून चहा पिऊन गेलेल्या माणसांवर चिडल्या. आणि मग बोलता बोलता नवऱ्याकडून एक नवीन गोष्ट बाहेर आली. त्याने दोन ठिकाणी कामासाठी विचारलं होतं. दोन्हीकडे आधीच्या मालकाचा अनुभवाचा दाखला मागितला. मालकाने त्याला चार खेपा घालायला लावल्या, दर वेळी दारातच उभं केलं, आणि शेवटी म्हणाला, देईन, पण ‘निष्काळजीपणामुळे काढण्यात आले’ असं लिहीन.

बाईंचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात, तिथल्या जुन्या टंकयंत्रावर, स्वतः दाखला टंकलिखित केला. दुकानातल्या कागदासारखाच मजकूर, तारखा, एकोणीस वर्षं, हुद्दा, आणि शेवटी ‘काम चोख व प्रामाणिक’. त्यांना बावीस वर्षांची सवय होती, स्वल्पविराम इकडचा तिकडे नव्हता. मग थेट ठोक दुकानात.

मालकाने ओळखलं. "तुम्ही कशाला आलात? त्याला पाठवा. घरच्या पुरुषाला."

"घरच्या पुरुषाला तुम्ही चार वेळा दारात उभं केलंत. मी बसणार आहे." आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. "सही करा."

मालकाने कागद वाचला, ‘चोख’वर काट मारली. शिक्केबाईंनी तो कागद काढून घेतला, पिशवीतून दुसरा काढून पुढे ठेवला.

"सहा प्रती आणल्यात. तुम्ही काटत राहा, मी काढत राहते."

"बाई, हे दुकान आहे! गिऱ्हाईक यायची वेळ आहे!"

"येऊ द्या. त्यांनाही सांगते." आणि त्यांनी सांगितलं. आवाज अजिबात न आवरता. थरथरणारा हात सांगितला, अडकलेली दोरी सांगितली. "पडद्याआड दोन बायका बसल्या होत्या तुमच्या. त्या बाहेर धावत येऊ नयेत म्हणून तो माणूस गप्प राहिला. तुमचे खोके गेले. तुमच्याकडे कामाला असलेल्या बायका सुखरूप घरी गेल्या. त्याला तुम्ही निष्काळजी म्हणता?"

आत पट्टी फाडल्याचा आवाज चालू होता तो बंद पडला. पडदा बाजूला झाला. पॅकिंगवाल्या दोघींतली थोरली, हातात चिकटपट्टीचं रीळ तसंच, उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तिला हे ठाऊक नव्हतं हे तिच्या तोंडावरच दिसत होतं. मालकाकडे बघत राहिली. गल्ल्यावरचा कारकूनही बघत राहिला. दोन गिऱ्हाइकं दारात थबकली होती, तीही.

मालकाने दुसऱ्या कागदावर सही केली. काट न मारता. "घ्या आणि जा," म्हणाला. चुकलो असं म्हणाला नाही. शिक्केबाईंनी शिक्काही मारून घेतला, वाकडा बसला तेव्हा दुसऱ्यांदा मारायला लावला.

हे सगळं ऐकून नवरा खूश झाला असेल असं कोणाला वाटेल. तो भडकला. मला न विचारता गेलीस कशाला, माझी लाज काढलीस, मी काय कुकुलं बाळ आहे? दोघं कडाडून भांडली. तीन दिवस स्वयंपाकघरात भांडी आपटली. चौथ्या दिवशी तो दाखला घेऊन बाहेर पडला, आणि महिनाभराने एका नेत्र रुग्णालयाच्या औषध भांडारात कामाला लागला.

पहिल्या वर्षाची ती मुलगी वर्गात परतली, मंडळात परतली नाही. चष्मेवालीने दोनदा बोलावलं, ती नको म्हणाली. खेळ चालू राहिला. मंडळाने तक्रारी ऐकणारी समिती केली आणि शिक्केबाईंचं नाव न विचारता तिच्यात घातलं. संगणक कसा चालू करतात हेही नीट माहीत नसलेल्या बाई आता दर पंधरा दिवसांनी न झालेल्या चोऱ्यांचे निवाडे करत बसत, आणि पोरं त्यांना टरकून असत.

नवऱ्याने कामाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी एक गोष्ट सांगितली. भांडाराच्या किल्ल्या हातात देताना तिथल्या मुख्य परिचारिकेने विचारलं, काही शंका? तेव्हा तो म्हणाला, "एकच सांगून ठेवतो. कोणी सुरा लावला तर मी किल्ली देईन." परिचारिकेने त्याच्याकडे वेड्यासारखं पाहिलं आणि म्हणाली, "द्यायचीच. त्यात सांगायचं काय?"

तो हसत हसत सांगत होता. शिक्केबाई हसल्या नाहीत. त्यांना पुन्हा राग चढला, पायाच्या तळव्यापासून. एवढं साधं होतं ते वाक्य. म्हणायला एक श्वास पुरत होता. मालकाला एकोणीस वर्षं राबलेल्या नोकराबद्दल ते सुचलं नाही, आणि सव्वीस वर्षं एका ताटात जेवलेल्या बायकोलाही सुचलं नाही.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "चिडलेय. चिडू द्या."